कुनमिंगपर्यंत

दुर्गानं चीनचा नकाशा खानावळीच्या टेबलावर पसरला आणि कोपरे वळू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचे चार पेले ठेवले. मग तिनं पिशवीतून लाल-निळी पेन्सिल काढली, ब्लेडनं तिची दोन्ही टोकं केली आणि कपचे ओंजळीत गोळा करून खिडकीबाहेर टाकले.

"काका, पहिल्यापासून सांगा, सावकाश. तुमचा ठिपका लाल, बाबांचा निळा."

जोतीराम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी तो ते पंच्याला पुसत राहिला.

दुपारचे तीन वाजून गेले होते. सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या कचेऱ्यांतली जेवणारी माणसं परतली होती. कोपऱ्यातल्या बाकावर एकटा धुळाप्पा उरला होता. हा रेल्वेतून निवृत्त झालेला पॉइंट्समन जेवण झालं तरी तासभर तिथंच बसून सुपारी कातरायचा. मधल्या टेबलापाशी तिघीजणी बसल्या होत्या. दुर्गा, तिची आई अनसूया आणि आजी गोजरबाई. सासू-सुना सकाळच्या एस. टी.नं मैंदर्गीहून आल्या होत्या. दुर्गा इथंच एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती बी. एस्सी. झाल्याला वर्षही झालं नव्हतं.

"आन् जोत्या," गोजरबाई म्हणाली, "उगा गाळू नगंस काई. मागल्या येळंला तू त्यो नदीवरचा लोखंडी पूल इसरलास."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. नकाशा तिला दिसत नव्हता, पण कागदावर तळहात ठेवून ती असा काही अंदाज घेत होती, जणू खालचा देश हाताला लागणार होता.

"ह्ये समदं कशाला म्हनं?" धुळाप्पानं लांबूनच विचारलं.

"दिल्लीला अर्ज पाठवायचाय, परराष्ट्र खात्याकडं," दुर्गा म्हणाली. "तीन वर्षं झाली, आपला राजदूत परत पेकिंगला गेलाय. आता विचारलं तर उत्तर येईल. बाबांना शेवटचं कुणी पाहिलं, कुठं, कोणत्या तारखेला, एवढं नीट लिहायचं. खाली साक्षीदाराची सही." तिनं टंकलेला कागद नकाशाशेजारी सरळ ठेवला. सहीच्या जागी तिनं आधीच बारीक फुली केली होती.

जोतीरामनं त्या फुलीकडे पाहिलं.

दुर्गाचा बाप धोंडीराम कुनमिंगला नव्हता. पेकिंगला नव्हता, ल्हासालासुद्धा नव्हता. बासष्ट साली दोघं एकाच पलटणीत होते, धोंडीराम शिपाई आणि जोतीराम स्वयंपाकी. दोघं एकाच दिवशी पकडले गेले आणि एकाच रांगेतून बर्फ तुडवत निघाले. बाराव्या दिवशी एका खिंडीत धोंडीराम खाली बसला तो उठला नाही. छावणी आणखी चार दिवसांवर होती. नावं तिथं लिहून घेतली गेली, म्हणून त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही.

जोतीरामचं मात्र आलं. कैदेतल्या काही साहेबांना चीन दाखवायला नेणार होते आणि त्यांतल्या एकाच्या पोटात खिचडीखेरीज काही ठरत नव्हतं. त्या खिचडीपायी जोतीरामनं सगळा चीन पाहिला. पुढं त्रेसष्टच्या मे महिन्यात तो अक्कलकोट रोड स्टेशनवर उतरला, तेव्हा फलाटावर गोजरबाई उभी होती. तिच्या हातात भाकरीची दोन फडकी होती. एकात शेंगांची चटणी, दुसऱ्यात जवसाची. शेंगांचं फडकं तिनं त्याच्या हातात दिलं, त्याच्या खांद्यावरून डब्याच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् आमचा?"

तोंडात घास होता. तो गिळून जोतीराम म्हणाला, "मागनं येतोय."

एवढंच. मग त्या दोन शब्दांसाठी बाकीचा सगळा प्रवास रचावा लागला. खिचडीला लाकडं फोडायला धोंडीरामला बरोबर घेतलं होतं, कुनमिंगला त्याला ताप भरला, तिथल्या दवाखान्यात तो राहिला. सातव्या वर्षी सरकारनं त्याला मृत धरल्याचा कागद आला. गोजरबाईनं तो पिठाच्या डब्याखाली सरकवला. "सरकारनं कुटं बगितलंय? जोत्यानं डोळ्यानं बगितलंय." अनसूयाचं कुंकू त्या बोलण्यावर टिकलं होतं.

"सांगा ना, काका."

जोतीराम बाकाच्या टोकाला बसला.

"पयलं ल्हासा. तितं झाड न्हाय. डोंगर उघडंबोडकं, आपल्या खडीच्या खाणीगत. हवा अशी पातळ की डाळ शिजंना. दोन-दोन तास उकळी, तरी दाणा कचकच."

"उंचीमुळं. पाणी कमी तापमानाला उकळतं," दुर्गा म्हणाली आणि ल्हासावर लाल ठिपका देऊन पेन्सिल उलटी करून त्याला चिकटून निळा दिला. "खायला काय?"

"भाजल्याल्या सातूचं पीठ. आपण खातो तसंच, पर चहात कालवून. चहात लोणी आन् मीठ."

"धोंड्यानं पयला घोट थुकला," गोजरबाई म्हणाली.

"थुकला. मग चौथ्या दिशी आपणच मागून घेतला." हे जोतीरामचं स्वतःचं झालं होतं. पण इतकी वर्षं सांगून सांगून आता त्यालाही तो घोट धोंडीरामच्या तोंडात दिसायचा.

तिथून ट्रकनं किती दिवस लागले हे त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. दुर्गानं फुटपट्टी लावली, मनाशी काहीतरी भागलं आणि मान हलवली. जमत होतं. मग आगगाडी. लान्चौ गाव, पिवळ्या गढूळ पाण्याची नदी, तिच्यावरचा लोखंडी पूल (गोजरबाईनं समाधानानं हुंकार भरला), काठावर घराएवढी लाकडी चाकं, नदीच्याच जोरानं फिरून नदीचं पाणी वर चढवणारी.

"तितं एक म्हातारा हुता. कणकीचा गोळा घ्यायचा, दोन्ही हातांनी वढायचा, दुमडायचा, परत वढायचा. लाटणं न्हाय, पोळपाट न्हाय. आठ बार दुमडलं की शेवया तयार, एकसारख्या."

"दोनशे छप्पन्न," दुर्गा म्हणाली.

"मोजल्या न्हाईत बाई."

"मोजायच्या कशाला? प्रत्येक दुमडीला दुप्पट."

"आन् रस्सा कशाचा?" धुळाप्पानं अडकित्ता थांबवून विचारलं.

"रश्शाचं इचारू नका, धुळाप्पा."

धुळाप्पा खो खो हसला. "कैदी झालास म्हून आगगाडीनं एवढा मुलूख फिरलास. आमी तीस वर्सं रेल्वेत, वाडी जंक्शनच्या पल्याड गेलो न्हाय. बरं, एवढं शिकून आलास तर कर की एक दिस चिनी शेवया. ते ऱ्हायलं, वरसातनं एक दिस कुलूप लावतोस, त्योबी नेमका चंपाषष्ठीला. सगळं सोलापूर भरीत-रोडगं हुडकतंय आन् ह्याच्या दाराला कुलूप! असला कसला रं खानावळवाला?"

"एक दिस हातालाबी सुट्टी पायजे," जोतीराम म्हणाला. अनसूया आतापर्यंत पदराच्या काठाशी खेळत होती, ती थांबली.

पेकिंग आलं. पिवळ्या कौलांचे वाडे, एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ, तीही पिवळी. एका खोलीत बायका मांडी घालून बसून कानवल्यांसारखं काहीतरी करत होत्या. पारी, सारण, मुरड, सगळं तेच. फक्त तळायचं नाही, उकळत्या पाण्यात सोडायचं. जोतीरामनं एकीच्या हातातली पारी मागून घेतली आणि आपल्याकडची मुरड घालून दाखवली. त्या बायकांनी ती एकमेकींना दाखवली, हसल्या आणि पाण्यात सोडली. ती फुटली नाही.

"आमचा दुभाष्या हुता, पोरगेला. जेवताना आमाला मटण वाढायचे, त्येलाबी. त्यो आपल्या वाटणीचा तुकडा कागदात गुंडाळून खिशात घालायचा. म्या इचारलं न्हाय. पर स्टेशनात माणसं बगितली, गालफाडं बसल्याली. दोन-तीन वर्सं पिकलं न्हवतं म्हनं तितं. मग कळलं कागद कुणासाठी."

हे त्यानं याआधी कधी सांगितलं नव्हतं. दुर्गानं मान वर केली, पण यावर काही लिहिलं नाही.

"घरी म्हातारी आसंल त्येची," गोजरबाई म्हणाली.

नानकिंग, शांघाय झालं. ठिपके जोडीजोडीनं नकाशावर खाली उतरत गेले. उजवीकडे अर्ज होता तसाच होता. जोतीराम हळूहळू सांगत होता, कारण पुढं हँगचौ होतं आणि त्यापुढं एकच गाव उरत होतं. कुनमिंगचं त्याला फार करून एक वाडगं आठवायचं. मोठं, खोलगट, आत कोंबडीचा रस्सा. वाफ एवढीशीही नाही. गार झालं असेल म्हणून त्यानं घोट घेतला आणि जीभ पोळली. वर बोटाच्या पेराएवढा तेलाचा थर होता आणि त्याखाली रस्सा पेटलेला. तिथंच सरहद्दीच्या अलीकडं त्यांना भारताकडं सोपवलं होतं. तिथंच, साक्षीदाराला ज्याच्याबद्दल सही करायची होती, तो दवाखाना होता. जोतीरामनं त्याला कौलं दिली होती, अंगणात एक झाड दिलं होतं. दिल्लीचा माणूस त्या झाडाखाली जाऊन विचारणार होता.

उत्तर आलं की म्हातारी संपेल. नाही आलं तर ही पोरगी दुसरा अर्ज लिहील, मग तिसरा. तिच्या पेन्सिलीकडे पाहून ते कळतच होतं.

"हँगचौ," दुर्गा म्हणाली.

"हँगचौला तळं हाय. आपलं सिद्धेश्वराचं कसं, तसं. पर पैलतीर धुक्यात, दिसायचा न्हाय. काठानं झाडं, फांद्या पाण्याला टेकल्याल्या. चैत्राचे दिस. डोंगरावर बायका चहाची पानं खुडत हुत्या. खाली मोठ्या कढईत पानं भाजायची, भट्टीवर चणं भाजत्यात तशी. पर झारा न्हाय, नुसता हात. तापल्या कढईत तळहातानं पानं दाबायची आन् उचलायची. मला म्हणले बघ करून. माझा हात सैपाक्याचा, म्या केलं."

"मग चहा," गोजरबाई म्हणाली.

"काचंच्या गिलासात. दूध न्हाय, साखर न्हाय. पानं उभी ऱ्हायची पाण्यात, मग एकेक खाली बसायचं."

"आन् चहासंगं?"

हे ठिकाण तिला सगळ्यांत आवडायचं. सोळा वर्षांत ती इथं कधी चुकली नव्हती. चहाबरोबर बशीत आल्या होत्या मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा. परक्या मुलखात शेंगा पाहून जोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पहिल्यांदा मैंदर्गीच्या अंगणात बसून हे सांगताना त्यानं त्या धोंडीरामला पसाभर खायला घातल्या होत्या. सोलापूरकडचा गडी शेंगा पाहून दुसरं काय करणार?

"शेंगा खाल्ल्या न्हवं त्यानं?"

दुर्गानं हँगचौवर लाल ठिपका दिला आणि पेन्सिल उलटी केली.

तेवढ्यात अनसूया उठली. "च्या टाकते सगळ्यास्नी," म्हणाली आणि नकाशाच्या कोपऱ्यांवरचे चारही पेले एकेक करून उचलले. नकाशा सुर्रकन गुंडाळला गेला. दुर्गा "अगं आई," म्हणून दोन्ही हातांनी तो दाबू लागली.

"ऱ्हाऊ द्या वैनी, मी टाकतो," म्हणत जोतीराम मागोमाग आत गेला.

अनसूयानं पेले मोरीत ठेवले, पण विसळले नाहीत. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. सोळा वर्षांत ती या खानावळीत दहा-बारा वेळा आली असेल, पण जोतीरामशी दारातल्या दोन वाक्यांपलीकडे कधी बोलली नव्हती.

"भावजी, त्येस्नी शेंगा सोसत न्हवत्या."

जोतीरामच्या हातात चहाच्या आधणाचं पातेलं होतं. ते त्यानं पेटत्या स्टोव्हवर ठेवलं.

"लगीन होऊन आले त्याच सांजंला आत्याबाईंनी सांगितलं. पोरी, ह्या घरात चटणी दोन करायच्या. समद्यास्नी शेंगांची, त्याला जवसाची. एक दाणा पोटात गेला तर घसा सुजतोय, अंगभर गांध्या उठत्यात. ल्हानपणी मरता मरता वाचल्यात. चारचौघांत सांगायची लाज वाटायची त्येस्नी. शेंगांच्या मुलकातला गडी, लोक हसतील म्हून."

पलटणीत जोतीराम शेकडो माणसांना वाढायचा. कुणी काय ताटात तसंच ठेवलं हे बघायला तो कधी ताटांपाशी थांबला नव्हता. त्याला फलाटावरची दोन फडकी आठवली.

"तवा..."

"तवाच कळलं मला. तुमी अंगणात सांगत हुता, मी दारामागं हुते."

"आन् मावशी?"

"त्यास्नी मी कंदी इचारलं न्हाय. त्यांनीबी मला न्हाय." पाण्याला बुडबुडे येऊ लागले होते. ती त्याकडे पाहत राहिली. "तुमाला बोल लावाया आले न्हाय, भावजी. त्या म्हातारीची सोळा वर्सं त्या आगगाडीत गेली. बसल्या जागी गेली आसती तर लई जड गेली आसती. पर पितरांचा पंधरवडा सुरू झालाय. मामंजींचं पान वाढते, चुलत सासऱ्यांचं वाढते. त्येंचं कुणी वाढत न्हाय. सोळा वर्सं उपाशी हायत. तिथी तेवढी सांगा. मी कुणाला कळू न देता कावळ्याला घास टाकीन."

जोतीरामनं रोज दोनशे ताटं वाढली होती. त्यानं उगाचच फळीवरचा डाव उचलला आणि परत जागच्या जागी ठेवला.

"चंपाषष्ठी," तो म्हणाला. "अवसंपास्नं दिस मोजत हुतो आमी, चंद्राच्या कोरीवरनं. त्योच म्हणला, जोत्या, आज बाळे गावाला खंडोबाची जत्रा, घरी भरीत-रोडगं आसंल."

"लई आवडायचं त्येस्नी."

"बसला, तसाच झोपल्यागत. तरास झाला न्हाय. म्या वर दगडं रचली, नीट."

अनसूयानं मान हलवली. मग नळ सोडून तिनं चारही पेले स्वच्छ विसळले, एकेक पुसला, चहा गाळला. पदराचं टोक तिनं एकदाच डोळ्यांना लावलं, तेही वाफेनं लावावं तसं.

दोघं बाहेर आली तेव्हा दुर्गानं नकाशावर एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला धुळाप्पाचा अडकित्ता ठेवला होता. पेन्सिल अजून तिच्या हातात होती, निळं टोक खाली.

"कुटं गेलतास रं?" गोजरबाई म्हणाली. "हँगचौला सोडून गेलास आमाला. शेंगांचं सांगायचं ऱ्हायलं. खाल्ल्या न्हवं त्यानं?"

दर वेळी ती हेच विचारायची, याच शब्दांत. आज जोतीरामला पहिल्यांदाच वाटलं, की हे विचारून झाल्यावर ती श्वास धरून थांबते. कदाचित दर वेळी थांबत असेल. तो तिच्यासमोर बसला. तिचे पांढुरके डोळे त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते.

"न्हाय, मावशी," तो म्हणाला. "शेंगा म्या खाल्ल्या. एकट्यानं."

बाहेर सात रस्त्यावर एका ट्रकनं भोंगा वाजवला. दुर्गानं आधी जोतीरामकडे पाहिलं, मग आईकडे. अनसूया चहाचे पेले एकेक करून सगळ्यांपुढे ठेवत होती. धुळाप्पानं सुपारीचं खांड तोंडाकडे नेलेलं तसंच खाली आणलं.

गोजरबाईचा हात टेबलावर चाचपत पेल्यापाशी आला आणि त्याच्या उबेवर स्थिरावला.

"व्हय," ती म्हणाली. "त्याला सोसत न्हवत्या."

तिनं चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा. पदरानं तोंड पुसलं.

"तू खाल्ल्यास न्हवं? पोटभर?"

"व्हय, मावशी."

"बरं केलंस."

दुर्गाच्या हातातली पेन्सिल नकाशाच्या बोटभर वर थांबली होती. ती तिनं टेबलावर आडवी ठेवली. अर्जाचा कागद वाऱ्यानं जरा सरकला, तो तिनं धरला नाही.

"मंग?" गोजरबाई म्हणाली. तिनं पेला खाली ठेवला आणि ऐकायला बसताना बसायची तशी मांडी घातली. "तितनं म्होरं तू कुटं गेलास?"